एक अमुक म्हणजे किती काळजी

माझं माहेरचं आडनाव गेवराईच्या बाजारात काळजी मोजायला वापरतात. ही बढाई नव्हे आणि तक्रारही नव्हे. झालं ते असं झालं, आणि ते झालं तेव्हा मी तिथंच बसून तांब्याची तार गुंडाळत होते, म्हणून मला सगळं माहीत आहे.

आडनाव कुठलं ते मात्र इथं लिहीत नाही. आमच्या समुद्रकाठी त्या आडनावाची माणसं खंडीभर आहेत आणि ती काही सगळी माझ्यासारखी नाहीत. काहीजण तर अगदी निवांत असतात म्हणे. उगाच त्यांना त्रास नको. म्हणून जिथं ते आडनाव यायला हवं तिथं मी ‘अमुक’ लिहिते. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझी शाळा सातवीत सुटली. शाळा खाडीपलीकडे, आई आजारी, घरात करणारी मी एकटी. आई गेल्यावर मी आणि बाबा दोघंच उरलो. बाबा खाडीत माणसं ने-आण करायची होडी चालवतात. माझा नवरा मूळचा गेवराईचा, पण आमच्या बाजूच्या एका मोटारी भरायच्या दुकानात दोन वर्षं कारागीर होता. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार खोलून तिच्यात नवी तार गुंडाळून देणं. लग्न झालं आणि मी दोन गाड्या बदलत, दीड दिवस प्रवास करून गेवराईत आले, जिथं समुद्र नाही, मासा नाही, आणि ‘का’ला ‘कावून’ म्हणतात.

पहिले सहा महिने मी नुसती घाबरून होते. माझ्या सासूबाईंना, इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते, ते दिसत होतं. एके दिवशी त्यांनी मला घराला लागूनच असलेल्या त्यांच्या मोटारी भरायच्या दुकानात नेलं, समोर तारेचं रीळ ठेवलं आणि म्हणाल्या, “शाळा न्हाई झाली म्हून काय झालं? बोटं तर हायत की.” त्यांनी मला गुंडाळी करायला शिकवली, वेढे मोजायला, स्लॉटमध्ये, म्हणजे मोटारीच्या खाचांत, तार बसवायला, वार्निश द्यायला. आज माझ्या हातची मोटार पार तलवाड्याच्या विहिरीत चालते. हे उपकार मी कुठं फेडणार?

पण काळजीचा स्वभाव काही गेला नाही. मी मोटार तीनदा तपासते. मग घरात जाऊन जेवायला बसते. पहिला घास घेतला की वाटतं, टेस्टिंगच्या बोर्डाचं बटण चालूच राहिलं. उठते, बघते, बंद असतं. परत बसते. दुसऱ्या घासाला वाटतं, बघितलं खरं, पण नीट बघितलं का? परत उठते. आत्या म्हणायच्या, “अगं, त्या बटणालाच आता तुझं भ्या वाटायलंय.”

तर ती दुपार. माझी नणंद तेव्हा बारावीला, सायन्स घेतलेली. दुकानाच्या उंबऱ्यावर बसून मोठमोठ्यानं पाठ करत होती. मधेच थांबून मला म्हणाली, “वहिनी, तुमाला म्हाईत हाय का? व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट, ही सगळी आडनावं हायत.”

आत्यांचा हात थांबला. “कुणाची?”

“शास्त्रज्ञांची.”

आत्यांनी समोरच्या मोटारीकडे बघितलं. तिच्या पाटीवर ही मंडळी एकाखाली एक बसली होती, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सदस्य असतात तशी. “म्हंजे इतके साल मी फडकं घेऊन लोकांची आडनावं पुसायले?”

“व्हय.”

“हे वॅट कुणाकडले?”

“विलायतेकडले.”

“आन ओहम?”

“जर्मनीचे. त्यांच्या नावानं अडथळा मोजतात. तारंतून वीज जाताना किती अडवणूक व्हती, ते.”

“त्यांच्या घरच्यांनी हे चालू दिलं?”

“ते वारल्यावर दिलंय, आई.”

“मग बराबर हाय,” आत्या म्हणाल्या. “जित्या मानसाला कोण म्हनू देईल, ह्याच्या नावानं अडवणूक मोजा म्हून? तुझा चुलता तर दांडकं घेऊन आला असता.”

नवऱ्यानं कोपऱ्यातून विचारलं, “आन घोडा? पाच घोड्याची मोटार म्हनतो आपण.”

“घोड्याला आडनाव न्हाई.”

“गरीब बिचारा.”

मग आत्यांना वाईट वाटायला लागलं. आपल्या जिल्ह्यात एवढी मोठाली आडनावं, गाडीच्या काचेवर वितभर अक्षरात लिहून फिरतात, आणि एकाच्याही नावानं कुणी काही मोजत नाही, म्हणाल्या. नणंद म्हणाली, “काय मोजावं पण? मोजण्याजोगं कायतरी पायजे त्या मानसात.” आणि मग तिघंही एकदम माझ्याकडे वळले. मी तेव्हा नेमकी बटण बघून परत येत होते.

नणंदेनं तिथल्या तिथं फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर व्याख्या लिहिली. ती मला पाठ आहे. ‘एक अमुक: जेवताना ताटावरून एकदा उठून बटण बंद असल्याची खात्री करण्याइतकी काळजी.’

नवरा म्हणाला, “आपलं आडनाव लावा की. ती आता आपल्या घरची हाय.”

आत्या कडाडल्या. “आपलं कावून? आपल्यात सात पिढ्यांत कुणी काळजी केली न्हाई. हे तिनं माहेराहून आणलंय. त्यांचंच नाव लागंल.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लग्नानंतर आधारवरून, रेशन कार्डावरून, बँकेतून, सगळीकडून ते आडनाव पुसलं गेलं होतं. इथं निदान कुणीतरी ते तोंडात घेत होतं. मला काय माहीत, ते तोंडातून बाहेर पण पडणार आहे.

आमच्या शेजारी रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथले चाचा म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. त्यांनी हे माप दोन दिवसांत उचललं. चष्मा सापडेना की म्हणायचे, “पाव अमुक हो गया.” नातवाला ताप आला की, “बेटी, आज तो पूरे तीन पे चल रहा हूं.” त्यांच्याकडून ते फळगाड्यांवर गेलं, तिथून बसस्टँडवर. मोटारीची गिऱ्हाइकं तर ऑर्डरच देऊ लागली. “ह्याला दोन अमुक करून द्या.” म्हणजे माझ्याकडून दोनदा ज्यादा तपासून द्या. एकदा नवरा मोटार पोचवायला टेम्पो घेऊन गेला होता. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घेताना शेजारचा ट्रकवाला क्लीनरला म्हणाला, “टायर बघून ये बे, मला अर्धा अमुक व्हायलाय.” नवऱ्यानं विचारलं, हे काय असतं? ट्रकवाला म्हणाला, “आसतंय की. किलोवानी.”

हे ऐकल्यावर त्या दिवशी माझ्या हातून एकही गुंडाळी धड झाली नाही. वेढे मोजताना दर वेळी चाळिसाच्या पुढं मला तो ट्रकवाला दिसायचा.

आणि अशातच बाबांचा फोन आला. होडी रंगवायला किनाऱ्यावर ओढली होती, चार दिवस मोकळे होते. “बुधवारी येतंय,” म्हणाले आणि ठेवला.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि बाबा एकदाही आले नव्हते. पोरगी एवढ्या लांब दिली हे त्यांच्या मनाला लागलं होतं, बोलायचे नाहीत एवढंच. मी सासरी निघताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, “नाव सांभाळ.” बस. दुसरं काही दिलं नाही, मागितलं नाही. आणि मी त्यांच्या नावाचं काय करून ठेवलं होतं? फळगाडीवर, बसस्टँडवर, ढाब्यावर, पाव आणि अर्धा करून वाटलं होतं. बाबांच्या कानावर हे गेलं तर ते भांडणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते फक्त पिशवी उचलतील आणि परत कधी येणार नाहीत. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही आणि मला माहेर म्हणून त्यांच्याशिवाय कुणी नाही.

मी आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच दुकानात बैठक घेतली, चाचांनाही बोलावलं. “बुधवारपासून चार दिवस कुणी ते नाव काढायचं न्हाई. पावना रागावून गेला तर मी एकेकाला बघते.”

सगळ्यांनी मान डोलावली. पण मंगळवारी सराव करताना कळलं की अवघड आहे. नणंद म्हणाली, “आई, गॅस बंद केला का? मला पाव...” आणि थांबली.

“पाव काय?”

“पावशेर.”

“पावशेर काय?”

साधी ‘काळजी वाटते’ म्हणायची सवयच मोडली होती सगळ्यांची. शेवटी चाचांनी तोडगा काढला. बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अर्धं मुडपलेलं म्हणजे अर्धा. “हल्ला नै, गुल्ला नै,” चाचा म्हणाले.

बुधवारी सकाळी मी आणि आत्या बाबांना आणायला स्टँडवर गेलो. बाबा बसच्या पायरीवर उभे राहिले आणि कंडक्टरला विचारलं, गेवराई हीच ना? मग ड्रायव्हरला विचारलं. मग खाली उतरून मला विचारलं. मग परत बसमध्ये चढले, सीटखाली काही राहिलं नाही ना ते बघून आले. मग हातातली पिशवी खाली ठेवून तिच्या तोंडाच्या गाठी मोजल्या. पाच होत्या. पुन्हा मोजल्या. माझ्या शेजारी आत्यांचा हात आपोआप वर जात होता. एक बोट, दोन बोटं, तीन. चार झाल्यावर त्यांनी दुसऱ्या हातानं तो खाली दाबला.

दुकानात आल्यावर तेच. नवरा मला बघून एक बोट दाखवी. नणंद अर्धं. चाचा दारातून डोकावून आधी सलाम करत, मग दीड बोट. चाचांनी शिकवून ठेवलेले गल्लीतले दोन फळवाले जाता-येता तीन बोटं वर करून हसत. बाबा दुपारपर्यंत हे सगळं बघत राहिले. मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, “हयसर निवडणूक आसा काय गो?”

मला दुसरं काही सुचलं नाही. “होय बाबा.”

“मगे ह्यो तीन बोटांवालो कोण?”

चाचांनी दारातूनच ऐकलं. “बहोत भला आदमी है साब. इस बार वोच आयेगा.”

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांना उमेदवार आवडलेला दिसला.

गुरुवारही तसाच निभावला. शुक्रवारी सकाळी मात्र तलवाड्याचा एक शेतकरी आपली मोटार न्यायला आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाबा आत खुर्चीवर चहा घेत बसले होते. तो उंबऱ्यातूनच ओरडला, “वैनी! मागच्या बारीला एका अमुकवर भागलं. औंदा विहीर खोल केलीय, मला पुरे दोन अमुक पायजेत!”

नवऱ्याला खोकला आला. आत्यांच्या हातून वार्निशचा डबा पडला. चाचांनी शेजारून पाच बोटं दाखवली.

आणि बाबा कप ठेवून उभे राहिले. खाडीवर सगळे त्यांना आडनावानंच हाक मारतात. “मीच तो,” ते म्हणाले. “दुसरो कोण नाय हयसर. काय व्हया?”

शेतकरी त्यांच्याकडे बघत राहिला. “तुमी?”

“होय.”

“अमुक?”

“होय तर.”

त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. “म्हंजे मानूस हाय व्हय हे? मला वाटलं कंपनी हाय.” आणि पुढं होऊन त्यानं बाबांचा हातच धरला. “लई भारी माप हाय तुमचं. आमच्या भावकीत तुमच्याबिगर बोलणं व्हत न्हाई.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तारेच्या रिळाकडे बघू लागले. शेवटी नणंदेनं सगळं सांगितलं, व्होल्टपासून सुरू करून. जगात किती मोठ्या माणसांची आडनावं अशी मापं झालीत, हा मान असतो, असं ती जीव तोडून सांगत होती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. आत जाऊन पिशवी घेऊन आले आणि रस्त्यापलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसले.

शेतकरी मोटार घेऊन गेला. बाबा बसलेलेच. मी दुकानाच्या जाळीतून बघत होते. ते गाठी मोजत होते. स्टँडच्या बाजूनं एक बस आली, धूळ उडवत पुढं गेली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. दुसरी आली, तिच्याकडेही बघितलं. मला वाटलं, तिसरीला उठणार. नवरा म्हणाला, “मी जाऊन पाया पडू का?” आत्या म्हणाल्या, “गप ऱ्हा. मानसाला बसू दे.” कुणी बोटं दाखवत नव्हतं. तेवढी बोटं कुणाकडे नव्हतीच.

दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर बाबा उठले. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूला दोन-दोनदा बघितलं, दुकानात आले आणि नणंदेला म्हणाले, “ती वही दाखव.”

तिनं मागचं पान काढून दिलं. बाबांनी ओळीखाली बोट धरून व्याख्या वाचली. परत वाचली.

“ह्यां कोणी लिवलां?”

“मी,” नणंद म्हणाली.

“चूक आसा.” त्यांनी वही तिच्यापुढं सरकवली. “एकदा उठान कोणाची काळजी जाता? आमच्यात तीनदा उठतत. एकदा उठणाऱ्याक आमी बेफिकीर म्हणतो.”

नणंदेनं पेन उचललं. बाबा माझ्याकडे वळले. “माका वाटला होता, एवढ्या लांब तुका कोण वळखत नसात. तो माणूस खयचो, आणि माझ्या बापाशीचा आडनाव सांगता.” आणि मग ते घाईनं नाक पुसायला लागले, आणि मी आत पळाले. बटण बघायला गेले असं सगळ्यांनी समजून घेतलं.

परत आले तेव्हा वाटाघाटी रंगात आल्या होत्या. व्याख्येत ‘एकदा’ खोडून ‘तीनदा’ झालं होतं. चाचाही येऊन बसले होते. पण बाबांची आणखी एक अट होती. पाव-अर्धा चालणार नाही.

“आमचां आडनाव म्हंजे नारळ न्हय, अर्धो-अर्धो करून वाटूक. असात तर पुरां एक. नायतर नाय.”

“आन बारक्या काळजीला काय करायचं?” आत्या म्हणाल्या. “मीठ संपलं का, दूध उतू गेलं का, त्याला बी पुरं एक?”

“पुरां एक.”

“आवो पावनं, मग मोठ्या काळजीला काय ऱ्हाईल? पोरीच्या निकालाला शंभर लावायचे का?”

“लावा. आमची हरकत नाय.”

“साब,” चाचा म्हणाले, “मेरा तो चष्माच दिन में आठ बार गुमता. आठ पूरे?”

बाबा ढिम्म. मुद्दा तिथंच अडकला. नवऱ्यानं सुचवलं की बारक्या काळजीला चाचांचं नाव द्यावं, चाचा म्हणाले नक्को बाबा, आमच्यात आधीच कुणी कमी बदनाम नाही. नणंदेनं एका मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव सुचवलं, ते कुणाच्या जिभेवर बसेना.

“माझं घ्या की,” आत्या म्हणाल्या. त्या खाली बघून, सांडलेलं वार्निश खरवडत होत्या. “चिल्लर मोजायला. माझ्या माहेरचं.”

“मामाचं आडनाव?” नवरा म्हणाला.

“मामाचं कशाचं? आधी माझं व्हतं. मी थोरली.”

ते आडनावही मी इथं लिहीत नाही, ‘तमुक’ म्हणते. एका अमुकचे बारा तमुक ठरले, आत्या दहावर तयार होत्या पण बाबांच्या खाडीवर मासे डझनानं मोजतात. नणंद लिहायला लागली आणि विचारलं, “आई, पयलं अक्षर ऱ्हस्व का दीर्घ?” आत्यांनी आडनाव म्हणून दाखवलं. मग बाबांनी विनंती केली, विहीणबाई, परत एकदा सांगा, नीट ऐकू आलं नाही. आत्यांनी परत सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर कुणी विचारलंही नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि असं खणखणीत म्हणाल्या की समोरच्या फळगाडीवरून एकानं मान वळवून विचारलं, “कौन आया, खाला?”

“कुणी न्हाई आलं,” आत्या म्हणाल्या. “मीच हाय!”